‘प्लॉटिंग आलं, गावाचं सोनं झालं’ या मेसेजला माझं उत्तर

महिनाभरात हा मेसेज मला अकरा जणांनी पाठवला. त्यात माझा सख्खा मेहुणा आहे, शाळेतले दोन गुरुजी आहेत, आणि ज्यांनी अजून एक गुंठाही विकलेला नाही असे शेतकरीसुद्धा आहेत. मेसेज लांबलचक आहे, पण त्याचं म्हणणं थोडक्यात असं: छत्रपती संभाजीनगरच्या पैठण रस्त्यावरच्या गावांत प्लॉटिंग आलं म्हणून मातीला सोन्याचा भाव आला. शेतकरी आपल्या खुशीनं विकतो, दुसऱ्यांनी मधे पडायचं कारण नाही. जमीन एनए (बिगरशेती) झाली म्हणजे सगळं कायदेशीर. पाण्याची काळजी नको, प्रत्येक साईटवर बोअर आहे. नाले आणि पाणंदी (शेतरस्ते) तशाही मेलेल्याच आहेत. ग्रामपंचायतीचा महसूल वाढतो, पोरांना गावातच काम मिळतं. आणि जे विरोध करतात ते गावाच्या विकासाच्या आड येणारे लोक आहेत.

मी बिडकीनच्या पलीकडे एका गावात कृषी सेवा केंद्र चालवतो. घरची पाच एकर आहे, ती भाऊ आणि मी मिळून करतो. गावात कोणाची किती जमीन उरली हे मला तलाठ्याच्या आधी कळतं, कारण मृगाच्या तोंडावर खताची उधारीची वही माझ्यासमोर असते. ज्या घरात डीएपीच्या आठ गोण्या जायच्या तिथे गेल्या हंगामात दोन गेल्या. एका घरातले बाबा नुसतेच दुकानात येऊन बसले, चहा घेतला, कपाशीच्या कोणत्या वाणाला या वर्षी मागणी आहे ते विचारलं आणि काही न घेता उठून गेले. त्यांचं शिवार आता सिमेंटच्या पांढऱ्या खांबांनी आखलेलं आहे.

आधी एक सांगून टाकतो. घरं बांधायला माझा विरोध नाही. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे 10,000 एकरांवर औद्योगिक शहर उभं राहतंय. जुलै 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करनं बिडकीनसाठी सरकारशी करार केला, इलेक्ट्रिक दुचाकीवाली एथर येणार आहे. माणसं येतील, त्यांना राहायला जागा लागेल. माझं म्हणणं एवढंच आहे की पाणी, रस्ता आणि सांडपाण्याचा हिशोब प्लॉट विकायच्या आधी व्हायला पाहिजे. आमच्याकडे तो प्लॉट विकून झाल्यावर होतो, आणि होतो तेव्हा गावाच्या बोकांडी बसतो.

सगळ्यात आधी पाणी, कारण मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य तेच आहे: “प्रत्येक साईटवर बोअर आहे, पाणी भरपूर आहे.”

आमच्याकडे विहीर खोदणाऱ्या कोणालाही विचारा. वरची काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि त्याखाली काळा पाषाण. मराठवाड्याचा बहुतेक भाग या दख्खनच्या पाषाणावर बसलेला आहे. पाषाणाच्या पोटात पाण्याचे तलाव नसतात. पाणी असतं ते मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत, आणि तेही पावसानं भरलं तेवढंच. एकाच्या बोअरला तीन इंच लागतं आणि शंभर फुटांवरच्या बोअरला नुसता धुरळा उडतो, हे आम्ही लहानपणापासून पाहतो. एका भेगेवर दहा जणांनी बोअर मारले म्हणून पाणी दहापट होत नाही. तेच पाणी दहा जागांवरून उपसलं जातं.

आता साईटवर काय होतं ते सांगतो. गेल्या कोजागिरीच्या आसपास माझा एक नातेवाईक पुण्याहून प्लॉट बघायला आला, त्याच्याबरोबर मी गेलो. स्वागताला चहा, कमानीला झेंडूच्या माळा. एजंटनं बोअर चालू करायला सांगितला. पाइपातून पांढरं फेसाळ पाणी असं जोरात आलं की लहान पोरं त्याखाली जाऊन नाचायला लागली. लोकांनी मोबाईलवर व्हिडिओ काढले. त्या दिवशी सहा-सात जणांनी बुकिंगची रक्कम भरली. तोच बोअर मी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पाहिला. तिथे राहायला आलेल्या दोन कुटुंबांपैकी एका ताईंनी बटण दाबलं. मोटार घरघरली, वीसेक मिनिटं करंगळीएवढी धार आली, मग नुसती हवा. ताई म्हणाल्या, “भाऊ, आता उद्या सकाळी परत येतं थोडं.” दोन हंडे, एक बादली. तेवढ्यात त्यांचा स्वयंपाक आणि आंघोळी.

आता गणित करू. जल जीवन मिशननं गावातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी धरलंय. शहरातून येणारा माणूस त्यापेक्षा जास्तच वापरतो, पण 55 च धरू. 200 प्लॉटचा लेआउट, घरात पाच माणसं. दिवसाला 55,000 लिटर होतात आणि वर्षाला 2 कोटी लिटर. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, ती सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. त्या पहिल्या गाडीत 5 लाख लिटर पाणी होतं. असल्या एका लेआउटला ते नऊ दिवस पुरलं असतं. आणि आमच्या गावाच्या शिवारात लेआउट एक नाही, सहा आहेत.

कोणी म्हणेल, जायकवाडी तर शेजारीच आहे. धरण शेजारी असल्यानं त्यातलं पाणी आपलं होत नाही, हे पैठण तालुक्यातल्या माणसाला तरी सांगायला नको. त्या पाण्याचे वाटे ठरलेले आहेत: सिंचन, उद्योग, शहर. छत्रपती संभाजीनगर शहरासाठी 2,740 कोटींची नवी पाणी योजना हाती घ्यावी लागली, कारण धरण इतक्या जवळ असूनही शहरातले लोक वर्षानुवर्षं कित्येक दिवसांनी एकदा येणाऱ्या नळाची वाट पाहत बसले. मग रस्त्यापासून आत चार किलोमीटरवरच्या खासगी लेआउटला त्या धरणातलं पाणी कोण देणार आहे? कोणत्या योजनेत त्याची तरतूद आहे, हे माहितीपत्रकात लिहून द्या. ‘जायकवाडी लेक व्ह्यू’ एवढं लिहून भागत नाही.

आणखी एक गोष्ट, जी फार थोड्यांना माहीत आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर परवानगीशिवाय घेता येत नाही. 1993 पासून हा नियम आहे आणि नंतरच्या भूजल कायद्यातही तो आहे. आमच्या गावची पाणीपुरवठ्याची विहीर ज्या ओढ्याच्या काठी आहे, तिथून एका साईटची कमान डोळ्यांनी दिसते. मी पावलांनी अंतर मोजलं, चारशेच्या आतच आलं. गेल्या उन्हाळ्यात त्या विहिरीत माझ्या आठवणीत पहिल्यांदा मार्चमध्येच तळ दिसला. त्याला फक्त ते बोअर कारण आहेत असं मी म्हणणार नाही, पाऊसही कमी होता. पण कारण काय ते तपासा असं म्हणणाऱ्याला ‘विकासविरोधी’ ठरवता येणार नाही.

सांडपाण्याचं तर कोणी नावच काढत नाही. लेआउटला गटार नसतं. प्रत्येक घराला आपापला शोषखड्डा, आणि त्याच्यापासून तीस फुटांवर आपापला बोअर. मुरमाच्या ज्या थरातून पाणी वर येतं त्याच थरात घाण सोडायची. पाच घरं असतात तोवर काही जाणवत नाही. दीडशे झाली की लेकरांचे जुलाब थांबत नाहीत.

“शेतकरी आपल्या खुशीनं विकतो.” काही जण खुशीनं विकतात, हे खरं आहे. मुलीचं लग्न, दवाखाना, बँकेचं कर्ज, लागोपाठ दोन वर्षं बोंडअळी. ज्याच्यावर वेळ आली त्याला मी नावं ठेवणार नाही. विकणाऱ्याच्या दारात उभं राहून त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, कारण त्याच्याकडची माझी उधारी बऱ्याचदा त्याच पैशातून फिटते.

पण ‘सोन्याचा भाव’ कोणाला मिळतो ते बघू. एकरात 40 गुंठे, गुंठ्यात 1,089 चौरस फूट, म्हणजे एकर 43,560 चौरस फुटांचा. समजा शेतकऱ्याला एकरी 40 लाख मिळाले. आमच्या गावात एवढी रक्कम ऐकून माणसाला रात्री झोप लागत नाही. ते पडले चौरस फुटाला 92 रुपये. रस्ते आणि खुली जागा सोडून एकरात साधारण 26,000 चौरस फूट विकायला उरतात असं धरा आणि 900 रुपयांचा भाव लावा. एका एकराचे होतात 2 कोटी 34 लाख. त्यातून परवानग्या, रस्ते, एजंटची दलाली, व्याज हे सगळं जातं, मान्य. तरी 92 आणि 900 मधलं अंतर बघा. आणि त्यातही शेतकऱ्याला सगळी रक्कम एकदम मिळत नाही. इसार पावतीवर थोडी, मग सहा महिन्यांनी थोडी, मग ‘प्लॉट विकले की देतो’. दरम्यान मुखत्यारपत्र करून घेतलेलं असतं, त्यामुळे त्याच्या हातात काहीच राहत नाही.

खुशीबद्दल आणखी एक. सातबाऱ्यावर एकट्याचं नाव असलं तरी जमीन वडिलोपार्जित असेल तर बहिणींचा हिस्सा असतो, 2005 च्या दुरुस्तीनं तो मुलाएवढाच आहे. माझ्या दुकानासमोरच्या ओट्यावर मी एक दृश्य पाहिलंय, ते डोळ्यांपुढून जात नाही. भाऊबीजेला माहेरी आलेल्या बहिणीला भाऊ म्हणत होता, “अक्का, नुसती सही तर करायचीय.” ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्राचा कागद ठेवलेला. तिनं सही केली. भावाचं तोंड बघून केली. ते कागद वाचायला तिला कोणी वेळ दिला नाही.

आणि जो विकत नाही त्याचं काय? बटईनं करणारा, सालगडी, निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या बाया, यांच्या नावावर सातबारा नाही, पण त्यांचं पोट त्याच शिवारावर होतं. विक्रीच्या कोणत्याही कागदावर त्यांची सही लागत नाही. मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखही नाही.

“एनए झालं म्हणजे सगळं कायदेशीर.” एनएचा अर्थ इतकाच की त्या जमिनीचा शेतीशिवाय दुसरा वापर करता येईल. तिथे पाणी आहे, रस्ता आहे, मालकी निर्वेध आहे, असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. महसूल कायद्यात बदल होऊन आता गावठाणापासून 200 मीटरच्या आतल्या आणि विकास योजनेत रहिवासी पट्ट्यात आलेल्या जमिनीला वेगळ्या एनए आदेशाची पायरी गाळता येते. साध्या माणसाला घर बांधणं सोपं व्हावं म्हणून हे केलं, चांगलं केलं. पण परवानगीची पायरी कमी झाली म्हणून तपासणीची गरज संपली, असा अर्थ एजंट लोक सांगत फिरतात, तो चुकीचा आहे.

रेखांकनाला, म्हणजे लेआउटच्या नकाशाला, आधी तात्पुरती मंजुरी मिळते. रस्ते, नाल्या, खांब ही कामं केल्यावर मग अंतिम मंजुरी. आमच्याकडे तात्पुरत्या मंजुरीच्या नकाशावरच प्लॉट विकले जातात, आणि पुष्कळदा तेवढाही कागद नसतो. घेणाऱ्याला मी एकच सांगतो: ‘अंतिम रेखांकन’ हे दोन शब्द असलेला कागद मागा. 500 चौरस मीटरच्या वर जमीन असेल तर प्लॉटच्या प्रकल्पालाही महारेराची (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाची) नोंदणी लागते, त्याआधी जाहिरात करता येत नाही, आगाऊ रक्कम घेता येत नाही. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोड टाकणंही बंधनकारक आहे. बिडकीनपासून आमच्या फाट्यापर्यंतच्या पाट्या मी मोटारसायकलवरून बघत आलो. हिरवळ, कारंजी, हसणारं कुटुंब, मोबाईल नंबर हे सगळं होतं. कोड दोनच पाट्यांवर दिसला.

त्यात आपल्या भागाची आणखी एक अडचण. निजामाच्या काळापासूनच्या इनामी जमिनी इथे गावोगाव आहेत, देवस्थानच्या, मदतमाश (चरितार्थासाठी दिलेल्या), खिदमतमाश (सेवेसाठी दिलेल्या). सेवेसाठी दिलेली जमीन विकायचा अधिकारच मुळात नसतो. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे मोकळेपणानं विकता न येणारी जमीन) लिहिलेलं असतं, पण घेणारा तेवढं बारीक वाचत नाही. शिवाय शेतजमीन म्हणून घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, आणि 2023 पासूनच्या प्रमाणभूत क्षेत्राप्रमाणे बागायत किमान 10 गुंठे, जिरायत किमान 20 गुंठे. म्हणूनच एकदम ‘11 गुंठे फार्महाऊस’ निघाले. जिथे माझ्या हयातीत कोणी गहूसुद्धा भिजवला नाही, ती जमीन कागदावर बागायत कशी झाली, हा प्रश्न गावानं विचारायलाच पाहिजे. दोन-दोन गुंठ्यांचे बाँड पेपरवरचे व्यवहार तर बोलायलाच नकोत. पाच-दहा वर्षं हप्ते भरून माणसाच्या हातात नोटरीचा शिक्का राहतो, सातबाऱ्यावर नाव लागत नाही.

हे कुठे जातं ते बघायला लांब जावं लागत नाही. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला. कारखान्यांना जागा आखून दिली, पण कामगार राहणार कुठे हे कोणी धड आखलं नाही. रांजणगाव, वडगाव कोल्हाटी, जोगेश्वरीच्या शिवारात गुंठ्यागुंठ्यानं वस्ती वाढली आणि ग्रामपंचायतीच्या खांद्यावर शहराचं ओझं आलं. छत्रपती संभाजीनगर शहरालगतच्या साताऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याला सातारा-देवळाईचंही तेच. तिथे माणसांनी आयुष्याची कमाई घालून चांगली दुमजली घरं बांधली आणि पाणी मात्र टँकरचं. पुढे ती गावं महापालिकेत गेली, म्हणून पाइपलाइन काही एका रात्रीत आली नाही. ही गुंठेवारी नियमित करायचा कायदा 2001 मध्ये केला, तेव्हा 1 जानेवारी 2001 पर्यंतची बांधकामं धरली होती. 2021 मध्ये ती तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे न्यावी लागली. वीस वर्षांत काय थांबलं ते यावरून कळतं. त्या घरांतल्या लोकांना मी दोष देत नाही. फसवले गेले ते तेच.

“नाले-पाणंदी मेलेल्याच आहेत.” हे वाचून मला खरोखर राग आला.

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला एक ओघळ आहे. वर्षातले दहा महिने कोरडी, त्यात बाभळी आणि तरवड. आजोबा तिला ‘लवण’ म्हणायचे. तीनेकशे एकरांचं पाणी त्या लवणातून खाली पाझर तलावात येतं. दोन वर्षांपूर्वी वरच्या गटात लेआउट पडला. जेसीबीनं दोन दिवसांत लवण बुजवलं, वरून मुरूम टाकला, रोलर फिरवला आणि त्यावर तीस फुटी रस्ता आखला. बाजूला दीड फुटाचा एक सिमेंटचा पाइप टाकला, पाणी जायला. मी तेव्हाच म्हणालो होतो की दीड फुटातून हे पाणी जाणार नाही. मला सांगण्यात आलं, “काका, पाऊस पडतोच कुठं आता?”

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात काय पाऊस पडला ते सांगायला नको. बीड, धाराशिवकडे नदीकाठची शिवारं मातीसकट खरवडून गेली. आमच्याकडे तेवढं झालं नाही, पण एका रात्री वरचं सगळं पाणी त्या पाइपाशी येऊन तुंबलं आणि बांध फोडून आमच्या कपाशीत घुसलं. सकाळी मी आणि भाऊ गेलो तेव्हा गुडघाभर चिखलात कपाशी आडवी झोपलेली, बोंडं मातीनं माखलेली. लेआउटमधल्या एका नव्या घराच्या ओट्यापर्यंत पाणी होतं आणि घरातले आजोबा खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेले. प्लॉट घेताना तिथे लवण होतं हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. गट नकाशावर ते आजही आहे. नकाशा ऑनलाइन मिळतो, घरबसल्या बघता येतो.

याला कायद्यात उपाय आहे आणि तो जुना आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडवला किंवा वहिवाटीचा रस्ता बंद केला तर तहसीलदाराकडे दावा लावता येतो. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आम्ही दोन वर्षं ‘बोलून बघू, शेजारधर्म आहे’ म्हणत राहिलो आणि मुदत निघून गेली. ही चूक आमची. दुसऱ्या कोणी करू नये म्हणून इथे लिहितोय. पाणंदीचंही तेच. तार ओढल्याच्या पहिल्या महिन्यातच अर्ज करा, ऊस आणि सोयाबीन शेतातून बाहेर काढायची वेळ येईपर्यंत थांबू नका.

“ग्रामपंचायतीचा महसूल वाढतो.” कागदावर थोडा वाढतो. नमुना 8 ला (ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या वहीत) दोनशे मोकळ्या प्लॉटांची नोंद झाली, मागणी निघाली, पण मालक पुण्यात, मुंबईत, सुरतेत. पावती कोणाला द्यायची? आमच्या शिपायानं एका वर्षात किती जणांना फोन लावले ते त्यालाच माहीत. खरेदीखतावरच्या मुद्रांक शुल्कातला वाटा जिल्हा परिषदेमार्फत गावाला येतो, तो उशिरा येतो आणि एकदाच येतो. खर्च मात्र दरवर्षीचा: दिवाबत्ती, घंटागाडी, रस्त्याचे खड्डे, उन्हाळ्याचा टँकर. मोठा पैसा येतो वित्त आयोगाचा, आणि तो ठरतो मुख्यतः लोकसंख्येवर. लोकसंख्या कुठली? 2011 च्या जनगणनेतली. त्यानंतर राहायला आलेली माणसं नळाला आहेत, कचऱ्याला आहेत, पण निधीच्या हिशोबात नाहीत. लेआउटचे रस्ते आणि खुली जागा पुढे ग्रामपंचायतीकडे येतात, म्हणजे मुरमाचा रस्ता वाहून गेल्यावर तो करायचा आपणच.

पोरांना काम मिळतं याबद्दल फार लिहीत नाही. मिळतं. वॉचमन, पाट्या लावणारा, गिऱ्हाईक आणून देणारा. आमच्या गावातली चार पोरं दलालीवर आहेत, एकानं चारचाकी घेतली. शिवार संपलं की त्यांचं कामही संपेल. कारखान्यातलं काम वेगळं, त्यासाठी आयटीआय लागतो, शिक्षण लागतं, आणि ते प्लॉटिंगमुळे येत नाही. मेसेजनं दोन्ही एकाच पोत्यात भरलंय.

“विरोध करणारे गावाच्या विकासाच्या आड येतात.” आम्ही पंधरा-वीस जणांनी ग्रामसभेसाठी जो ठराव लिहिलाय, त्यात प्लॉटिंग बंद करा असं एकही वाक्य नाही. त्यात चार गोष्टी आहेत. लेआउटच्या बोअरची चाचणी मे महिन्यात घ्यावी आणि तिचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. गावच्या विहिरीपासूनचं अंतर भूजल खात्याच्या माणसाकडून मोजून घ्यावं. गट नकाशावरचे ओढे, लवणं, पाणंदी जागेवर आखून खांब रोवावेत, प्लॉटचे खांब त्यानंतर. आणि अंतिम रेखांकन दाखवल्याशिवाय नमुना 8 ला नोंद घेऊ नये. ज्याचा माल चोख आहे त्याचं यात काय नुकसान होतं ते मला समजावून सांगा, मी ठराव मागे घेतो.

ठराव पहिल्यांदा मांडला तेव्हा ग्रामसभेला कोरम नव्हता. सभा तहकूब झाली. पुढची तारीख फळ्यावर लागली की मी दुकान बंद ठेवून जाणार आहे, आणि ज्यांनी मला हा मेसेज पाठवला त्या अकराही जणांना घरी जाऊन बोलावणार आहे. मेहुण्याला आधी, कारण त्यानं बुकिंगचे पन्नास हजार भरलेत आणि बोअर ऑक्टोबरात पाहिलाय.